ऑस्ट्रेलियात बोटीने येणाऱ्या असायलमवाल्यांचं राजकारण: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इथे निवडणूक जवळ आली की हा विषय निघतोच, आणि नवीन आलेल्या आपल्या लोकांना कळत नाही की एवढ्या मोठ्या देशात मूठभर बोटींवरून एवढा आरडाओरडा का. म्हणून सगळं एका जागी लिहितोय. माझी मतं मधेमधे येणार, ती मतं म्हणूनच वाचा.

नेमका वाद कशाचा आहे?

अफगाणिस्तानातले हजारा, इराणी, इराकी, श्रीलंकेतले तमिळ, रोहिंग्या, अशी माणसं कसंबसं इंडोनेशियापर्यंत पोचायची आणि तिथून दलालाला पैसे देऊन मासेमारीच्या जुन्या लाकडी बोटीत बसून ख्रिसमस बेटाकडे निघायची. हे बेट ऑस्ट्रेलियाचं, पण आहे जावापासून साडेतीनशे किलोमीटरवर, आणि ऑस्ट्रेलियाची मुख्य जमीन तिथून दीड हजार किलोमीटर लांब. बेटावर पाय ठेवला की आसरा, म्हणजे असायलम, मागायचा. वाद एवढाच की आत घ्यायचं, परत पाठवायचं, की तिसऱ्याच कुठल्या देशात नेऊन ठेवायचं.

पहिल्यापासून एवढी कडक पॉलिसी होती का?

अजिबात नाही. १९७६ साली व्हिएतनाममधून पहिली बोट डार्विनला लागली, पाच जण होते. पुढच्या पाचेक वर्षांत अशा बोटींतून दोनेक हजार लोक आले. फ्रेझर पंतप्रधान होते, म्हणजे लिबरल पक्षाचे (लिबरल उजवीकडचा, लेबर डावीकडचा, हे इथले दोन मोठे पक्ष), आणि त्यांनी यांना घेतलं, शिवाय तिकडच्या छावण्यांतून हजारो व्हिएतनामी विमानाने आणले. आज मेलबर्नच्या फुटस्क्रेमध्ये जाऊन फो खातो ना आपण, ती ही मंडळी. आणि बोटीने आलेल्यांना सरसकट डांबून ठेवायचा कायदा कोणी केला? १९९२ साली कीटिंगच्या लेबर सरकारने. लेबर मवाळ आणि लिबरल कडक असं सरळ समीकरण डोक्यात असेल तर ते इथेच सोडून द्या.

टॅम्पा टॅम्पा म्हणतात ते काय प्रकरण?

ऑगस्ट २००१. एक बोट बुडायला आली होती, टॅम्पा नावाच्या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने ४३३ लोकांना वर घेतलं, बहुतेक अफगाण. कॅप्टन त्यांना ख्रिसमस बेटावर उतरवायला निघाला तर लिबरल पंतप्रधान हॉवर्ड यांच्या सरकारने सांगितलं आमच्या हद्दीत यायचं नाही. जहाजावर माणसं आजारी, गर्भार बायका, कंटेनरच्या मधे डेकवर झोपलेले लोक, कॅप्टन मदत मागून मागून थकला आणि शेवटी आत शिरला, तेव्हा सरकारने डॉक्टरबरोबर एसएएसचे कमांडो चढवले. मग धावपळ करून नाउरू या पॅसिफिकमधल्या चिमुकल्या बेट-देशाशी करार झाला, न्यूझीलंडने १३१ जण घेतले, बाकीचे नाउरूला. यालाच पुढे पॅसिफिक सोल्युशन नाव पडलं. त्याच महिन्याभरात ख्रिसमस बेट मायग्रेशन झोनमधून वगळलं, म्हणजे तिथे उतरलात तरी व्हिसाच्या अर्जापुरते तुम्ही ऑस्ट्रेलियात आलाच नाहीत. (२०१३ मध्ये तर बोटीने येणाऱ्यांसाठी अख्खी मुख्य जमीनच अशी वगळली. एखाद्या देशाने स्वतःलाच स्वतःच्या नकाशातून काढायचं हा प्रकार मी तरी दुसरीकडे ऐकलेला नाही.)

टायमिंग बघा. मधेच ११ सप्टेंबरचा हल्ला झाला, नोव्हेंबरमध्ये निवडणूक. 'या देशात कोण येणार आणि कुठल्या परिस्थितीत येणार हे आम्ही ठरवणार' हे हॉवर्ड यांचं वाक्य त्याच प्रचारातलं. ते जिंकले.

'मुलं समुद्रात फेकली' ही बातमी खरी होती का?

खोटी. ऑक्टोबर २००१ मध्ये मंत्र्यांनी सांगितलं की बोटीतल्या लोकांनी नौदलाला ब्लॅकमेल करायला आपली पोरं पाण्यात टाकली, फोटोही दाखवले. फोटो होते दुसऱ्या दिवशीचे, बोट बुडत असताना सैनिक लोकांना वाचवतानाचे. सिनेटच्या चौकशीत निघालं की कोणी मूल फेकलं नव्हतं. पण ती चौकशी २००२ ची, मतदान होऊन गेलं होतं.

त्याच ऑक्टोबरमध्ये सीव्ह-एक्स म्हणून ओळखली जाणारी बोट बुडून ३५३ माणसं गेली, त्यात १४६ मुलं. न फेकलेल्या पोरांवर महिनाभर चर्चा झाली आणि खरोखर बुडालेली पोरं बऱ्याच जणांना आज आठवतही नाहीत.

लेबरने हे सगळं बंद केलं होतं ना, मग परत सुरू का केलं?

इथे खरी गंमत आहे, म्हणून जरा सविस्तर.

२००८ मध्ये लेबरचे पंतप्रधान रड यांनी नाउरू बंद केलं, रेफ्युजींना तात्पुरतंच राहू देणारा व्हिसाही रद्द केला. त्याच सुमाराला श्रीलंकेचं युद्ध संपत आलेलं, अफगाणिस्तान पेटलेलं, म्हणजे बोटी वाढायला बाहेरची कारणंही होतीच, पण बोटी वाढल्या हे खरं आणि दोष सरकारवर आला. डिसेंबर २०१० मध्ये ख्रिसमस बेटावर पहाटे वादळात एक बोट खडकावर आपटून फुटली. बेटावरचे लोक कड्यावर उभे राहून लाइफ जॅकेट खाली फेकत होते आणि वारा ती जॅकेटं परत त्यांच्याच अंगावर आणून टाकत होता. पन्नासच्या आसपास माणसं डोळ्यांसमोर गेली. टीव्हीवर ते फुटेज सगळ्या देशाने बघितलं आणि तिथून चर्चेचा सूर बदलला. तोवर 'सीमा वाचवा' चालायचं, आता 'जीव वाचवा' सुरू झालं.

मग रड यांच्या जागी पंतप्रधान झालेल्या लेबरच्याच गिलार्ड यांनी २०११ मध्ये मलेशियाशी करार केला. बोटीने आलेले ८०० जण मलेशियाला पाठवायचे आणि बदल्यात तिथले ४००० मान्यताप्राप्त रेफ्युजी चार वर्षांत इकडे आणायचे. हायकोर्टाने तो रद्द ठरवला. आता कायदा बदलायचा तर संसदेत मतं हवीत. ग्रीन्स हा छोटा डावा पक्ष म्हणाला मलेशियाने रेफ्युजी कन्व्हेन्शनवर (रेफ्युजींच्या हक्कांचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार) सही केलेली नाही, आम्ही विरोध करणार. ठीक आहे, त्यांची ती भूमिका पहिल्यापासूनची. पण तेव्हा विरोधात बसलेल्या लिबरल पक्षाचे नेते ॲबट यांनीही हेच कारण पुढे केलं, आणि याच ॲबटचा स्वतःचा प्लॅन काय, तर बोटी इंडोनेशियाला परत ढकलायच्या, ज्या इंडोनेशियानेही सही केलेली नाही! दोघांनी दोन टोकांवरून लाथ मारली आणि करार मेला. माझ्या मते त्या पंधरा वर्षांत टेबलावर आलेल्यांपैकी निदान काहीतरी देवाणघेवाण असलेला हा एकच प्रस्ताव होता. चांगला होता असं नाही म्हणत, मलेशियात रेफ्युजींचे हाल कमी नाहीत.

पुढे २०१२ मध्ये तज्ज्ञ समितीच्या सल्ल्याने नाउरू आणि पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावरची छावणी पुन्हा उघडली, तरी बोटी वाढतच गेल्या, त्या वर्षी १७ हजारांवर माणसं आली आणि २०१३ मध्ये २० हजारांवर. शेवटी १९ जुलै २०१३ ला परत पंतप्रधान झालेल्या रड यांनीच जाहीर केलं की यापुढे बोटीने येणाऱ्या एकालाही ऑस्ट्रेलियात कधीच स्थायिक होऊ देणार नाही, रेफ्युजी ठरला तरी नाही. ज्यांनी दार उघडलं त्यांनीच कुलूप घातलं, आणि तरी सप्टेंबरची निवडणूक हरले. 'स्टॉप द बोट्स' म्हणणारे ॲबट आले.

पण ही माणसं बेकायदेशीरच आहेत ना?

व्हिसाशिवाय आली म्हणून इथल्या कायद्याने त्यांचा मुक्काम बेकायदेशीर, हो. पण आसरा मागणं गुन्हा नाही, आणि जिवाच्या भीतीने थेट पळून आलेल्याला कागद नाहीत म्हणून शिक्षा करू नये असं १९५१ च्या कन्व्हेन्शनमध्ये आहे, ज्यावर ऑस्ट्रेलियाची सही आहे. २०१३ च्या आधीच्या काही वर्षांत बोटीने आलेल्यांपैकी अपिलांसकट बघितलं तर दहातले साधारण नऊ जण शेवटी खरे रेफ्युजी ठरले. दलाल सहीसलामत आणि प्रवासी आत, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

आम्ही पॉइंट मोजून, आयईएल्टीएस देऊन, लाखो रुपये भरून आलो, मग यांनी रांग मोडून का यायचं?

हा आपल्या लोकांचा सगळ्यात आवडता प्रश्न. मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या पंगतीत मी तो इतक्यांदा ऐकलाय की आता कोण कधी विचारणार तेही कळतं.

पहिली गोष्ट, तुमची रांग वेगळी आणि त्यांची वेगळी. स्किल्ड मायग्रेशनचा कोटा आणि ह्युमॅनिटेरियन, म्हणजे रेफ्युजींसाठीचा कोटा यांचा एकमेकांशी संबंध नाही, बोटीने आलेल्या हजारा माणसामुळे तुमच्या मेव्हण्याचा पीआर (कायम राहायचा व्हिसा) अडकलेला नाही. दुसरी, काबूलमध्ये किंवा म्यानमारमध्ये रेफ्युजीसाठी कुठली खिडकी उघडी असते जिथे टोकन घेऊन उभं राहायचं? छावणीत नाव नोंदवून वर्षानुवर्षं बसलेले लोक आहेत, पण नंबर येतो तो आधी आल्याप्रमाणे नाही, देश आपल्या मर्जीने निवडतात.

मात्र हा मुद्दा अगदीच हवेतला पण नाही, हे डावीकडचे लोक सांगत नाहीत. १९९६ पासून सरकारने हिशोब असा लावला की इथे येऊन ज्याला आसरा मिळाला त्याची एक जागा परदेशातल्या छावणीतून आणायच्या कोट्यातून कमी करायची. कोटा कित्येक वर्षं १३ हजारांच्या घरात. म्हणजे बोटीवरचा एक आला की केनियातल्या छावणीतला एक राहिला, हे आकड्यांत खरं होतं. पण ते सरकारनेच जोडलेलं म्हणून खरं होतं, दोन्ही खाती वेगळी ठेवली असती तर प्रश्नच नव्हता. दोन गरिबांना एकाच ताटावर बसवायचं आणि मग म्हणायचं बघा कसे भांडतात.

बोटी शेवटी थांबल्या कशाने?

माझं मत विचाराल तर समुद्रातून परत पाठवण्याने. नाउरूने नाही. सगळ्या वादात घोडं इथेच पेंड खातं.

कारण बघा. सप्टेंबर २०१२ ला नाउरू परत सुरू झालं आणि त्यानंतरचं वर्षभर विक्रमी बोटी आल्या, नाउरूतली जागा तर पहिल्या काही आठवड्यांत संपली. जुलै २०१३ च्या 'कधीच नाही' घोषणेने आकडा उतरायला लागला, हेही मान्य, ते लपवण्यात अर्थ नाही. पण पूर्ण थांबलं ते सप्टेंबर २०१३ मध्ये ऑपरेशन सॉव्हरिन बॉर्डर्स सुरू झाल्यावर, नौदलाने बोटी अडवून परत इंडोनेशियाच्या दिशेने लावायला सुरुवात केल्यावर. लाकडी बोट चालण्यासारखी नसेल तर बंद, भगव्या रंगाच्या लाइफबोटी खास विकत घेतल्या, त्यात माणसं बसवायची, डिझेल मोजून द्यायचं आणि जावाकडे तोंड करून सोडायचं. अशी एक भगवी बोट २०१४ च्या सुरुवातीला जावाच्या किनाऱ्याला लागली तेव्हा कुठे लोकांना कळलं हे काय चाललंय, कारण मंत्री स्कॉट मॉरिसन दर प्रश्नाला 'ऑन वॉटर मॅटर्स', म्हणजे समुद्रावरच्या कारवाया, यावर बोलणार नाही एवढंच म्हणायचे. इंडोनेशिया भडकली. पण दलालाच्या धंद्याचं कंबरडं मोडलं, पैसे देऊन परत त्याच किनाऱ्यावर यायचं असेल तर कोण बसेल? आजपर्यंत चाळीसहून जास्त बोटी अशा परत गेल्यात.

मग २०१४ नंतर नाउरू आणि मानुसवरची माणसं वर्षानुवर्षं तिथे कशाला ठेवली? बोटी तर येतच नव्हत्या. उत्तर असं दिलं जातं की यांना आत घेतलं तर दलालांना सिग्नल जाईल. मला ते पटत नाही, समुद्रात नौदल उभं असताना कसला सिग्नल.

नाउरू आणि मानुसवर काय झालं एवढं?

नाउरू म्हणजे २१ चौरस किलोमीटरचं बेट, फॉस्फेट खणून खणून मधला भाग उजाड झालेला. तिथे तंबूत कुटुंबं, उकाडा, बुरशी. २०१६ मध्ये तिथले दोन हजारांहून जास्त अंतर्गत रिपोर्ट फुटले, अर्ध्याहून जास्त मुलांबद्दलचे. नंतर तर काही मुलं खाणंपिणं, बोलणं, उठणं सगळं बंद करून पडून राहायला लागली. फेब्रुवारी २०१९ ला शेवटची मुलं तिथून बाहेर पडली.

मानुस पापुआ न्यू गिनीचं, तिथे २०१३ च्या मध्यापासून फक्त पुरुष. २०१४ मध्ये छावणीतल्या दंगलीत एका इराणी तरुणाला मारून टाकलं, मारणारे छावणीत काम करणारेच. २०१६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे डांबणं घटनेविरुद्ध आहे. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियन सरकारने जवळपास १९०० जणांना मिळून ७ कोटी डॉलर देऊन केस मिटवली, चूक मात्र कबूल केली नाही. बेहरूझ बूचानी या कुर्दिश पत्रकाराने तिथूनच व्हॉट्सॲपवर मेसेज टाकत टाकत अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्याला ऑस्ट्रेलियातलंच मोठं बक्षीस मिळालं, घ्यायला यायची परवानगी मात्र नव्हती.

खर्च? सगळं मिळून १० अब्ज डॉलरच्या वर.

न्यूझीलंड २०१३ पासून म्हणत होतं की वर्षाला १५० जण आम्हाला द्या. ऑस्ट्रेलियाने हो म्हणायला मार्च २०२२ उजाडलं.

पण समुद्रात बुडून मरण्यापेक्षा हे बरं नाही का?

या प्रश्नाला उडवून लावणारे लोक मला आवडत नाहीत. २००८ ते २०१३ मध्ये बाराशेच्या आसपास माणसं या वाटेवर बुडाली. बोटी थांबल्या आणि इथल्या पाण्यातलं मरण थांबलं, हे खरं आहे. ज्यांना नौदलाने परत लावलं ते पुढे कुठे गेले, कोणाच्या तुरुंगात गेले, याचा हिशोब कोणी ठेवत नाही हेही तितकंच खरं. जिवाची एवढी काळजी होती तर इंडोनेशियातून थेट घेण्याचा कोटा वाढवायचा होता. झालं उलटं, जुलै २०१४ नंतर जकार्तात यूएनकडे नाव नोंदवलेल्यांना ऑस्ट्रेलियाचं दार बंद केलं.

भारताचा काही संबंध आला का यात?

आला, आणि फार कमी लोकांना माहीत आहे. जून २०१४ मध्ये पुद्दुचेरीहून एक बोट निघाली, १५७ श्रीलंकन तमिळ, बायकापोरांसकट, बरेच जण तमिळनाडूच्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहिलेले. ख्रिसमस बेटाजवळ ऑस्ट्रेलियन कस्टम्सच्या जहाजाने त्यांना पकडलं आणि महिनाभर त्या जहाजावरच ठेवलं, खिडक्या नसलेल्या खोल्यांत, दिवसाचे बहुतेक तास आत. सरकारला त्यांना भारतात परत सोडायचं होतं. ते जमलं नाही, मग मुख्य भूमीवर कर्टिनच्या डिटेन्शन सेंटरमध्ये आणलं, भारतीय अधिकारी येऊन भेटणार होते, यांनी भेटायला नकार दिला, तर रातोरात सगळ्यांना नाउरूला नेलं. जानेवारी २०१५ ला हायकोर्टाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की समुद्रावर ठेवणं कायदेशीर होतं. एका न्यायाधीशाचा फरक.

आणि हो, भारतानेही त्या १९५१ च्या कन्व्हेन्शनवर सही केलेली नाही, आपल्याकडे रेफ्युजींसाठी वेगळा कायदाच नाही. म्हणून इकडे बसून ऑस्ट्रेलियाला नावं ठेवताना जरा जपून.

जे आत पोचले त्यांचं पुढे काय झालं?

तीसेक हजार लोक नाउरूला न जाता इथेच राहिले होते. त्यांना तीन किंवा पाच वर्षांचे तात्पुरते व्हिसे, घरच्यांना आणता येत नाही, संपला की परत सिद्ध करा की अजून भीती आहे. मेलबर्नमध्ये डॅन्डेनॉन्गला असे कितीतरी हजारा भेटतात, दहा-दहा वर्षं टॅक्स भरलेले आणि बायकोला फक्त व्हिडिओ कॉलवर बघितलेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये लेबर सरकारने असा व्हिसा असलेल्या १९ हजार जणांना पीआरची वाट मोकळी केली. ज्यांचे अर्ज घाईच्या 'फास्ट ट्रॅक'मध्ये नाकारले गेले ते हजारो जण अजून लटकलेले आहेत.

बिलोएलाचं तमिळ कुटुंब आठवत असेल. क्वीन्सलँडमधलं छोटं, बीफच्या कारखान्याचं गाव, लेबरला फार मतं पडणारं पण नाही. २०१८ मध्ये पहाटे येऊन आईबाप आणि दोन लहान मुलींना उचललं, तर सगळं गाव चार वर्षं भांडलं आणि २०२२ मध्ये त्यांना परत आणलं. गंमत म्हणजे त्यातल्या कितीतरी जणांना 'स्टॉप द बोट्स' मान्यच होतं. धोरण वेगळं आणि शेजारी वेगळा!

आता दोन पक्षांत फरक काय उरलाय?

बोटींपुरता म्हणाल तर एकाच माळेचे मणी. २०१५ च्या मेलबर्न अधिवेशनात लेबरचे तेव्हाचे नेते शॉर्टन यांनी बोटी परत पाठवणं लेबरच्या धोरणात आणलं, तेव्हा खरा वाद संपला. मधे २०१९ मध्ये आजारी लोकांना उपचाराला इथे आणायचा मेडिव्हॅक कायदा सरकारच्या नाकावर टिच्चून पास झाला, त्याच डिसेंबरमध्ये रद्दही झाला. नाउरू लेबरने बंद केलेलं नाही, २०२३ च्या सप्टेंबरपासून परत माणसं पाठवली जातात. २०२५ मध्ये तर बोटीशी संबंध नसलेल्या, कोर्टाने डिटेन्शनमधून सोडायला लावलेल्या लोकांना घ्यायलाही नाउरूशी करार झाला, सुरुवातीलाच ४० कोटी डॉलर देऊन.

उरलं ते नाटक. मॉरिसन पुढे पंतप्रधान झाले, त्यांच्या ऑफिसात धातूची एक बोट ठेवलेली असायची, वर लिहिलेलं 'या मी थांबवल्या'. आणि २१ मे २०२२ ला, मतदान चालू असताना, त्यांच्या सरकारने एक बोट अडवल्याचं जाहीर केलं आणि लिबरल पक्षाचे एसएमएस मतदारांच्या मोबाईलवर. 'ऑन वॉटर'वर कधी न बोलणाऱ्यांना त्या दिवशी बरोबर वाचा फुटली. हरलेच.

ब्रिटनने हेच कॉपी केलं ना?

घोषणासुद्धा तीच. पण इंग्लिश खाडीच्या पलीकडे फ्रान्स आहे, बोट परत ढकलायची कुठे? म्हणून फक्त नाउरूवाला अर्धा भाग उचलला, आलेल्यांना आफ्रिकेतल्या रवांडाला पाठवायचं. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अडवलं, जुलै २०२४ मध्ये नवे पंतप्रधान स्टार्मर यांनी गुंडाळलं. ७० कोटी पाउंड गेले, जबरदस्तीने एकही माणूस पोचला नाही.

आपल्याला काय करायचंय, आपण तर विमानाने येतो?

असायलम मागणाऱ्यांतले बहुतेक जण विमानानेच येतात, टुरिस्ट किंवा स्टुडंट व्हिसावर. वरच्या देशांत मलेशिया, चीन आणि आपला भारतही. यांना कोणी नाउरूला पाठवत नाही, टीव्हीवर दाखवायला बोट नसते ना. ऑगस्ट २०२५ मध्ये इथल्या शहरांत इमिग्रेशनविरोधी मोर्चे निघाले, त्यांच्या प्रचाराच्या पत्रकात नाव घेतलं होतं ते भारतीयांचं. पंगतीत रांगेचा प्रश्न विचारणारे काका त्या रविवारी ट्रेनने सिटीत गेले नाहीत.

आणि एक, जालंधरचा किंवा मुंबईतला कोणी एजंट तुमच्या ओळखीच्या पोराला सांगत असेल की तिकडे पोचून प्रोटेक्शन व्हिसा, म्हणजे असायलमचा अर्ज टाक, निकाल लागेपर्यंतच्या ब्रिजिंग व्हिसावर काम करत राहा, तर त्याला सांगा की भारतीय पासपोर्टवरचे जवळपास सगळे अर्ज नाकारले जातात, आणि २०२३ पासून नवे अर्ज आधी निकालात काढायचं धोरण आहे, पूर्वीसारखी पाच-सात वर्षं मिळतीलच असं नाही.